वीजी (आर्थर फेलिग)

आर्थर फेलिग ऊर्फ वीजी (जन्म: १२ जून १८९९, झ्वोचुव, मृत्यू: २६ डिसेंबर १९६८, न्यूयॉर्क) हे अमेरिकन वृत्तछायाचित्रकार होते. १९३५ ते १९४६ या काळात न्यूयॉर्क शहरातील खून, आगी, अपघात, अटका आणि रस्त्यावरील रात्रीचे जीवन यांची त्यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रे विसाव्या शतकातील वृत्तछायाचित्रणात महत्त्वाची मानली जातात. मोटारीत पोलिसांचे संदेश ऐकू येणारा रेडिओ बसवण्याची अधिकृत परवानगी १९३८ मध्ये मिळवणारे ते त्या शहरातील पहिले स्वतंत्र छायाचित्रकार समजले जातात. त्यामुळे पोलिसांच्या बिनतारी संदेशांवर जनतेचा आणि वृत्तपत्रांचा कितपत हक्क असावा, या चर्चेत आजही त्यांचे नाव घेतले जाते. 'नेकेड सिटी' (१९४५) हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रसंग्रह होय.

बालपण आणि स्थलांतर

फेलिग यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या गॅलिशिया प्रांतातील झ्वोचुव या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये असून झोलोचिव या नावाने ओळखले जाते. त्यांचे मूळ नाव उशेर असे होते. वडील आधी अमेरिकेस गेले आणि १९०९ मध्ये आई व मुले त्यांच्याकडे न्यूयॉर्कला पोहोचली. अमेरिकेत उशेर या नावाचे आर्थर झाले.

कुटुंबाचे वास्तव्य मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाट वस्तीत होते. तेथील चाळवजा इमारतींत प्रकाश आणि हवा कमी, भाडेकरू मात्र पुष्कळ, अशी स्थिती असे. वडील हातगाडीवर किरकोळ माल विकत. घरच्या गरिबीमुळे आर्थर यांना शाळा लवकर सोडावी लागली. रस्त्यावर झटपट छायाचित्रे काढून देणाऱ्या एका फिरत्या छायाचित्रकाराचे काम पाहून त्यांना या व्यवसायाची गोडी लागली. पुढे त्यांनी एक तट्टू भाड्याने घेतले आणि वस्तीतील मुलांना त्यावर बसवून ते छायाचित्रे काढू लागले. छायाचित्र पक्के करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनावरून त्यांनी त्या तट्टाचे नाव 'हायपो' ठेवले होते. तट्टाच्या खाण्याचा खर्च न परवडल्याने हा व्यवसाय बंद पडला. विशीच्या आतच त्यांनी घर सोडले. काही काळ रेल्वे स्थानकांवर व गरिबांच्या निवाऱ्यांत रात्री काढत त्यांनी मिळेल ते काम केले.

अंधारखोलीतील वर्षे

काही छायाचित्रगृहांत उमेदवारी केल्यावर फेलिग यांना 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाच्या छायाचित्र विभागात साहाय्यकाचे काम मिळाले. १९२४ च्या सुमारास ते 'ॲक्मी न्यूजपिक्चर्स' या वृत्तछायाचित्रे पुरवणाऱ्या संस्थेत रुजू झाले आणि सुमारे ११ वर्षे तेथेच राहिले. त्यांचे मुख्य काम अंधारखोलीत निगेटिव्ह धुण्याचे व प्रती काढण्याचे होते. रात्री अन्य छायाचित्रकार उपलब्ध नसले की त्यांना घटनास्थळी पाठवले जाई. अशी छायाचित्रे त्यांच्या नावाने छापली जात नसत. स्वतःच्या कामावर स्वतःचे नाव असावे ही इच्छा त्यांनी नोकरी सोडण्यामागील एक प्रमुख कारण मानली जाते. १९३५ मध्ये ते स्वतंत्र छायाचित्रकार झाले. पुढे आपल्या प्रत्येक छायाचित्राच्या मागे ते 'प्रख्यात वीजी' अशा अर्थाचा रबरी शिक्का उमटवत असत.

'वीजी' हे नाव

या टोपणनावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. पहिलीनुसार, धुतलेल्या छायाचित्रांवरील पाणी निपटण्यासाठी 'स्क्वीजी' नावाची रबरी पट्टी वापरत असत. अंधारखोलीतील साहाय्यकाला त्यावरून हाक मारली जाई आणि तिचाच पुढे 'वीजी' असा संक्षेप झाला. दुसरी व्युत्पत्ती स्वतः फेलिग यांना अधिक प्रिय होती. तीनुसार, ते घटनास्थळी इतक्या लवकर पोहोचत की त्यांना घटनेची आगाऊ चाहूल लागते असे सहकारी गमतीने म्हणत, आणि प्लँचेटसारख्या प्रयोगासाठी वापरल्या जाणाऱ्या 'वीजा' फलकावरून त्यांना हे नाव मिळाले. वीजी यांनी स्वतःच्या अतींद्रिय शक्तीची ही दंतकथा हौसेने जोपासली. त्यांच्या वेगामागील खरे कारण मात्र पोलीस मुख्यालयाची जवळीक आणि रेडिओ हे होते.

पोलीस मुख्यालयाशेजारचे वास्तव्य

न्यूयॉर्क पोलिसांचे मुख्यालय त्या काळी मॅनहॅटनमधील सेंटर स्ट्रीट येथे होते. त्याच्या मागच्या बाजूस, सेंटर मार्केट प्लेस या गल्लीत, वीजी यांनी एक लहान खोली भाड्याने घेतली. आरंभी ते रात्र-रात्र मुख्यालयात थांबून तेथील तारयंत्रावर छापून येणारे संदेश वाचत आणि त्यातून निवड करून घटनास्थळी जात. अटक केलेल्यांना घेऊन येणाऱ्या गाड्यांची ते दाराशी वाट पाहत. टोपी, रुमाल किंवा हातांनी चेहरा झाकून उतरणाऱ्या आरोपींची त्यांची अनेक छायाचित्रे याच दाराशी काढलेली आहेत. १९३७ मध्ये 'लाइफ' या साप्ताहिकाने त्यांच्या कामावर सचित्र मजकूर प्रसिद्ध केल्यावर त्यांचे नाव शहराबाहेरही पोहोचले.

पोलिसांचा रेडिओ

पोलिसांच्या गस्ती गाड्यांना रेडिओवरून संदेश देण्याची पद्धत अमेरिकेत त्या वेळी नवीनच होती. डेट्रॉइट शहराने १९२८ मध्ये अशी यंत्रणा नियमितपणे सुरू केली आणि न्यूयॉर्कच्या गस्ती गाड्यांत १९३२ पासून रेडिओ बसू लागले. आरंभी ही यंत्रणा एकतर्फी होती. मुख्यालयाचा निवेदक पत्ता व घटनेचा सांकेतिक क्रमांक सांगे आणि गाडीतील शिपाई तो केवळ ऐकून घेत. गाडीतून उत्तर देता येईल अशी दुतर्फी यंत्रणा न्यू जर्सीतील बेयॉन येथे १९३३ मध्ये सुरू झाली.

हे संदेश साध्या ध्वनिरूपात आणि सर्वसामान्य प्रक्षेपणाच्या पट्ट्याला लागून असलेल्या लहरींवर प्रसारित होत. त्यामुळे घरातील अनेक रेडिओ संचांवरही ते ऐकू येत. काही उत्पादक तर तबकडीवर पोलिसांच्या लहरींची जागा छापूनच देत. रात्री जेवणानंतर पोलिसांचा रेडिओ ऐकणे हा अनेक कुटुंबांचा विरंगुळा झाला होता. गुन्हेगारही हे संदेश ऐकू शकत, ही पोलिसांची अडचण होती. यावर अनेक ठिकाणी मोटारीतील रेडिओवर निर्बंध घालण्यात आले. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या लहरी पकडणारा संच खासगी मोटारीत बसवण्यास परवाना लागत असे. घरात ऐकणाऱ्यास घटनास्थळी लगेच पोहोचता येत नसे, पण मोटारीत ऐकणाऱ्यास पोलिसांच्याही आधी तेथे जाता आले असते. परवान्याची अट मोटारीपुरती असण्यामागे हा विचार होता.

वीजी यांना हा परवाना १९३८ मध्ये मिळाला. मुख्यालयातील अधिकाऱ्यांशी अनेक वर्षांचा परिचय, त्यांच्या कामात अडथळा न आणण्याची सवय आणि अधिकाऱ्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकावण्याची हातोटी या गोष्टी त्यांच्या उपयोगी पडल्या. शेव्हरोलेट मोटारीत रेडिओ बसल्यावर त्यांना मुख्यालयात थांबण्याची गरज उरली नाही. खोलीतही पलंगाशेजारी रेडिओ सुरू असे आणि झोपेतही कोणत्या संदेशासाठी उठावे हे त्यांना समजे असे ते सांगत.

या मोटारीची डिकी म्हणजे त्यांचे फिरते कार्यालय होते. तीत टंकलेखन यंत्र, फ्लॅशबल्बांचे खोके, जादा कॅमेरा, सिगार, खाण्याचे पदार्थ, बदलण्याचे कपडे आणि अग्निशामक दलाच्या जवानांसारखे बूट असत. निकडीच्या वेळी निगेटिव्ह धुण्याचे साहित्यही ते सोबत ठेवत. वृत्तपत्राच्या छपाईची वेळ गाठणे हा त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न होता. पहाटेपूर्वी ज्याची प्रत कचेरीत पोहोचे त्याचेच छायाचित्र विकले जाई.

कार्यपद्धती

वीजी हे ४ बाय ५ इंच आकाराची निगेटिव्ह वापरणारा 'स्पीड ग्राफिक' कॅमेरा वापरत. अंधारात मोजमाप करण्यास वेळ नसल्याने ते छिद्रमान एफ/१६, गती १/२०० सेकंद आणि अंतर सुमारे १० फूट असे आधीच ठरवून ठेवत. फ्लॅशबल्बच्या प्रखर प्रकाशात समोरची व्यक्ती लख्ख उजळे आणि मागचा रस्ता काळोखात बुडे. तीव्र छायाप्रकाशाची ही शैली तांत्रिक मर्यादेतून जन्मली असली तरी पुढे तीच त्यांची ओळख ठरली आणि १९४० च्या दशकातील गुन्हेपटांच्या दृश्यशैलीशी तिचे साधर्म्य अनेकदा दाखवले जाते.

मिळकत बेताचीच होती. टाइम प्रकाशनसंस्थेने दोन खुनांच्या छायाचित्रांसाठी ३५ डॉलरचा धनादेश दिल्याची पावती त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात छापली. आपण ५,००० खुनांची छायाचित्रे काढल्याचा त्यांचा दावा अभ्यासक अतिशयोक्त मानतात.

प्रमुख छायाचित्रे

वीजी यांचे लक्ष हळूहळू मृतदेहावरून भोवतालच्या माणसांकडे वळले. पोलिसांच्या संदेशात केवळ पत्ता आणि गुन्ह्याचा प्रकार असे. त्या पत्त्यावर राहणारी माणसे कोण, त्यांच्यावर काय गुदरले आणि शेजारी कसे पाहत होते, हे वीजी यांच्या छायाचित्रांतून वाचकांसमोर आले.

डिसेंबर १९३९ मध्ये एका चाळीला लागलेल्या आगीत एक स्त्री आणि तिची मुलगी, घरातील दोन जण आत अडकले असताना, असहायपणे वर पाहत उभ्या असल्याचे त्यांनी टिपले. हे छायाचित्र घेताना आपल्याला रडू आवरले नाही असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. १९४१ मधील उकाड्यात चाळीच्या लोखंडी संकटकालीन जिन्यावर दाटीवाटीने झोपलेली मुले हे त्यांचे आणखी एक परिचित चित्र आहे.

'देअर फर्स्ट मर्डर' (१९४१) या ब्रुकलिनमधील छायाचित्रात प्रेत दिसतच नाही. शाळेतून सुटलेली मुले एका जुगाऱ्याचा मृतदेह पाहण्यासाठी एकमेकांना रेटत आहेत, त्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू आहे आणि त्या गर्दीच्या मधोमध मृताची एक नातलग स्त्री आक्रोश करीत आहे, असे हे दृश्य आहे. खून पाहण्याची उत्सुकता आणि खुनाचे दुःख एकाच चौकटीत आणणारे हे छायाचित्र त्यांच्या कामाचा उत्तम नमुना मानले जाते.

त्यांची सर्वच छायाचित्रे गुन्ह्यांची नाहीत. जुलै १९४० मध्ये कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर जमलेल्या अफाट गर्दीचे चित्र प्रसिद्ध आहे. १९४० च्या दशकात त्यांनी अवरक्त प्रकाशाला संवेदनशील फिल्म व झाकलेला फ्लॅश वापरून चित्रपटगृहातील प्रेक्षकांचीही छायाचित्रे काढली. आपले छायाचित्र निघत असल्याचे त्या प्रेक्षकांना समजत नसे.

'पीएम' दैनिक आणि कलाविश्वातील मान्यता

१९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'पीएम' हे उदारमतवादी दैनिक सुरू झाले. जाहिराती न घेणाऱ्या आणि छायाचित्रांना मोठी जागा देणाऱ्या या दैनिकात वीजी यांना नियमित काम मिळाले. छायाचित्रांसोबतचा मजकूरही ते अनेकदा स्वतः लिहीत. १९४१ मध्ये 'फोटो लीग' या छायाचित्रकारांच्या संघटनेने त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांची पाच छायाचित्रे आपल्या संग्रहात घेतली.

'नेकेड सिटी' हे पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याला मोठी मागणी आली. त्यात खुनांबरोबरच देवळे, दारूचे गुत्ते, नाचगाणी आणि फुटपाथवर झोपणारी माणसे यांनाही स्थान होते. पुस्तकाच्या नावाचे हक्क निर्माते मार्क हेलिंजर यांनी घेतले आणि ज्यूल्स डॅसिन दिग्दर्शित 'द नेकेड सिटी' हा चित्रपट १९४८ मध्ये प्रदर्शित झाला. 'वीजीज पीपल' हा दुसरा संग्रह १९४६ मध्ये निघाला.

'द क्रिटिक' आणि सत्यतेचा वाद

वीजी यांचे सर्वाधिक चर्चिले गेलेले छायाचित्र २२ नोव्हेंबर १९४३ रोजी मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या हंगामातील पहिल्या रात्री काढलेले आहे. हिऱ्यांचे मुकुट आणि पांढरी फर ल्यालेल्या दोन श्रीमंत स्त्रिया प्रवेश करीत आहेत आणि बाजूला उभी असलेली फाटक्या वेशातील एक स्त्री त्यांच्याकडे रोखून पाहत आहे. 'लाइफ' साप्ताहिकात प्रसिद्ध झालेले हे छायाचित्र पुढे 'द क्रिटिक' या नावाने ओळखले जाऊ लागले.

हा प्रसंग आपोआप घडल्याचे वीजी सांगत. त्यांचे साहाय्यक लुई लिओटा यांनी मात्र वीजी यांच्या मृत्यूनंतर वेगळी हकीकत सांगितली. तीनुसार, बावरी भागातील एका मद्यगृहातून त्या स्त्रीला दारू पाजून मुद्दाम आणण्यात आले होते आणि योग्य क्षणी तिला पुढे उभे करण्यात आले. यामुळे वीजी यांच्या कामातील वृत्त किती आणि मांडणी किती हा प्रश्न उपस्थित झाला. युद्धकाळातील विषमतेवर हे छायाचित्र परखड भाष्य करते असे काही समीक्षक मानतात, तर ज्या गरीब स्त्रीच्या बाजूने ते बोलते तिलाच त्यात साधन म्हणून वापरले गेले, असा आक्षेप इतर घेतात. आगीत किंवा खुनात आप्त गमावलेल्यांच्या छायाचित्रांबाबतही संमतीचा हाच प्रश्न विचारला जातो.

उत्तरायुष्य

१९४७ च्या सुमारास वीजी हॉलिवूडला गेले. तेथे त्यांनी चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या व सल्लागार म्हणून काम केले. त्या वास्तव्यावर आधारित 'नेकेड हॉलिवूड' हे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. या काळापासून ते विशेष भिंगे वापरून प्रसिद्ध व्यक्तींची विरूपित छायाचित्रे तयार करू लागले. ही चित्रे त्यांना स्वतःला महत्त्वाची वाटत, परंतु समीक्षकांनी त्यांना पूर्वीच्या कामाइतका मान दिला नाही. १९५२ मध्ये ते न्यूयॉर्कला परतले.

स्टॅन्ली कुब्रिक हे दिग्दर्शक होण्यापूर्वी स्वतः वृत्तछायाचित्रकार होते व वीजी यांचे चाहते होते. त्यांनी 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी स्थिरचित्रणासाठी वीजी यांना बोलावले. अंतिम चित्रपटातून वगळलेल्या प्रसंगाची त्यांनी काढलेली छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांचे आत्मचरित्र १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अनेक हकिगती रंगवून सांगितलेल्या असल्याने चरित्रकार त्यांचा उपयोग सावधपणे करतात.

अखेरच्या दशकात विल्मा विल्कॉक्स या समाजसेविका त्यांच्या सहचरी होत्या. २६ डिसेंबर १९६८ रोजी मेंदूतील गाठीच्या आजाराने वीजी यांचे निधन झाले. विल्कॉक्स यांनी त्यांचा संग्रह पुढे अनेक वर्षे जपला. सुमारे १६,००० छायाचित्रे आणि ७,००० निगेटिव्हचा हा संग्रह १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी या संस्थेकडे आला. 'द पब्लिक आय' (१९९२) या चित्रपटातील नायक वीजी यांच्यावर बेतलेला आहे. 'नाइटक्रॉलर' (२०१४) हा पोलिसांचे संदेश ऐकून दृश्ये विकणाऱ्या लॉस एंजेलिसमधील तरुणाचा चित्रपटही त्यांच्या कामावरून सुचल्याचे दिग्दर्शक डॅन गिलरॉय यांनी सांगितले आहे.

पोलिसांच्या संदेशांचे कूटबद्धीकरण आणि वीजी यांचा वारसा

वीजी यांच्या नंतरच्या काळात अनेक लहरी आपोआप तपासून चालू संभाषण पकडणारे 'स्कॅनर' हे यंत्र स्वस्त झाले आणि वृत्तपत्रांच्या प्रत्येक कचेरीत दिसू लागले. १९८६ च्या अमेरिकन संघराज्य कायद्याने जनतेस सहज उपलब्ध असलेले पोलीस व अग्निशमन दलाचे रेडिओ संदेश ऐकणे वैध ठरवले. मोटारीतील संचाबाबतचे राज्यांचे निर्बंध मात्र निरनिराळे राहिले.

एकविसाव्या शतकात पोलिसांची यंत्रणा अंकीय झाल्यावर संदेश कूटबद्ध करणे सोपे झाले. अशा पद्धतीत आवाजाचे अंकांत रूपांतर करून ते गुप्त किल्लीच्या साह्याने बदलले जातात. किल्ली नसलेल्या संचावर अर्थहीन आवाज ऐकू येतो किंवा काहीच ऐकू येत नाही. संदेश सहज उपलब्ध राहत नसल्याने ऐकण्याची कायदेशीर मुभाही निरुपयोगी ठरते. शिकागो पोलिसांनी संदेश कूटबद्ध करताना जनतेसाठी ३० मिनिटे उशिराने प्रसारण ठेवले. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या काही ठाण्यांपासून कूटबद्धीकरणास आरंभ केला. वीजी यांच्या अनेक छायाचित्रांची पार्श्वभूमी हाच भाग आहे.

गुन्हेगारांना पोलिसांच्या हालचाली कळतात, खोटे संदेश घुसवले जातात आणि पीडितांची नावे व पत्ते उघड होतात, अशी कारणे पोलिसांकडून दिली जातात. पत्रकार व नागरी हक्कांच्या संघटना यांचे म्हणणे असे की संदेश बंद झाल्यास कोणती घटना केव्हा कळवायची हे पोलीसच ठरवतील, आणि पोलिसांच्या स्वतःच्या वर्तनाबाबतच्या घटनांत त्याचा परिणाम सर्वाधिक होईल. मान्यताप्राप्त पत्रकारांना संच किंवा किल्ली द्यावी, असा मधला मार्गही सुचवला जातो.

या वादात दोन्ही बाजूंना वीजी यांच्या चरित्रात आधार सापडतो. शोकाकुल कुटुंबाच्या दारात सर्वांआधी कॅमेरा पोहोचला तर त्या कुटुंबाच्या खासगीपणाचे काय, हा प्रश्न त्यांच्याच छायाचित्रांनी निर्माण केला. उलट, चाळींतील आगी, दाटी आणि गरिबी यांचा त्यांनी मागे ठेवलेला दृश्य पुरावा खुल्या रेडिओशिवाय निर्माण झाला नसता. त्यांचा परवाना हा हक्क नव्हता. तो अधिकाऱ्यांच्या मर्जीने एका छायाचित्रकाराला मिळाला होता आणि अशीच मर्जी काढूनही घेता आली असती. मान्यताप्राप्त पत्रकारांपुरती सवलत ठेवण्याच्या आजच्या प्रस्तावांवर हाच आक्षेप घेतला जातो. वीजी यांच्या काळी परवाना नसलेला नागरिकही आपल्या घरी बसून तेच संदेश ऐकू शकत होता. कूटबद्धीकरणानंतर ही शक्यता उरत नाही.